सुजलेला पाय कुठल्या दिशेला करावा

लातूर जिल्हा झाला तेव्हाच्या दुष्काळात आमच्या विहिरीला पाणी नव्हतं. माझ्या डाव्या पायात मात्र भरपूर होतं. शेजारणींनी निदान केलं, बाई पाणी जास्त पिते. सासूबाईंनी माझा तांब्या लपवला. हंडे तेवढे माझ्याच डोक्यावर ठेवले. पाय उतरला नाही तर लेकीला घेऊन जा, असा निरोप सासऱ्यांनी मुदखेडला माझ्या वडिलांना धाडला.

नवरा मला लातूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रक्तातून झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या अंगभर असतात. त्यांना हृदयासारखा पंप नसतो. नळ्या स्वतः थोड्या आकसतात, चालताना पोटरी त्यांना दाबते, श्वासही ओढ देतो. आतल्या झडपा पाणी खाली येऊ देत नाहीत. असं ते चढत चढत गळ्याखाली पुन्हा रक्तात मिसळतं. माझ्या नळ्या डासांमुळे होणाऱ्या हत्तीरोगाने बिघडल्या होत्या. पिण्याच्या पाण्याचा काही संबंध नव्हता. चालायचं, पट्टी बांधायची आणि रोज दुपारी पाय उशीवर उंच ठेवून पडायचं.

चालणं मला होतंच. पण सुनेने पाय उंच करावेत अशी दिशाच घरात नव्हती. पूर्वेला देव, दक्षिणेला यम, पश्चिमेला चूल, उत्तरेला सासऱ्यांची बाज, आणि सासरे दिवसभर बाजेवर. नवऱ्याने तिरपं पडायचं सुचवलं. तिरपे पाय उंबऱ्याकडे जात, आणि तिथून म्हणे लक्ष्मी येते. त्या साली ती कुणाकडेच आली नव्हती, पण वाट मोकळी ठेवणं भाग होतं.

पंधरा दिवसांत पायाची कातडी ताठ होऊन चकाकू लागली. देवाला, यमाला सांगता येत नव्हतं. एका दुपारी मी हंडा उतरवला आणि खाली बघून सासऱ्यांना म्हणाले, "मामा, बाज तेवढी भाईर घ्या. न्हाईतर उद्यापासून पाणी तुमी आना."

सहा वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी सासूबाईंना विचारलं, ही बोलती का? मग बाज स्वतःच उचलून लिंबाखाली नेली.

महिन्याने वडील न्यायला आले, तेव्हा मी उत्तरेकडे पाय उंच करून पडले होते. सूज निम्मी उतरली होती. त्यांनी ती पाहिलीच नाही. मान फिरवून म्हणाले, सासरी असं पडतात का पोरी? मी उठायला लागले.

"पडू द्या तिला," सासरे लिंबाखालून म्हणाले. "तिला पाण्याला जायचं हाय."

वडील चहा पिऊन एकटेच परत गेले.