उन्हात ठेवलेलं निस्वाज

"बटाटे किती वाजता उकडले?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"सकाळी सात वाजता, सर," रेवती म्हणाली. तिसऱ्यांदाही तेच. पण डोळे माझ्याकडे नव्हते, दारात उभ्या असलेल्या सासूकडे होते. मी अन्न सुरक्षा अधिकारी. बावीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात घुसून हेच बघत आलोय की बोलताना माणूस बघतो कुठे.

राहुरीजवळच्या वस्तीवरचं हे घर. रेवती हॉटेल मॅनेजमेंट शिकून लग्नानंतर इथं आलेली. चार महिन्यांपासून घरातूनच डबे करून विकायची. घरून विकायचं असलं तरी आमच्या खात्याकडे नोंदणी लागते. त्याला आम्ही रजिस्ट्रेशन म्हणतो, आणि तिनं ते रीतसर केलं होतं. आदल्या दिवशी तालुक्याच्या एका पतसंस्थेत रिटायरमेंटचा कार्यक्रम होता. तिथं तिनं बारा डबे दिले, निस्वाज सॅलडचे. त्यातल्या पाच जणांना संध्याकाळी उलट्या-जुलाब. तक्रार माझ्या टेबलावर.

निस्वाज म्हणजे काय ते मलाही तिच्याकडूनच कळलं. फ्रान्समधलं गार खायचं सॅलड. उकडलेले बटाटे, फरसबी, टोमॅटो, उकडलेली अंडी, ऑलिव्ह. त्यात ट्यूना मासाही असतो. इथं कोण खाणार, म्हणून तिनं तो गाळला. बटाटे गरम असतानाच तेल, व्हिनेगर आणि मोहरीची पेस्ट चोळायची, म्हणजे चव आत मुरते. फरसबी उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे हिरवीगार राहते. मग सगळं एकदम गार करून डबा भरायचा. एवढं सगळं न अडखळता सांगितलं. फक्त वेळ विचारली की गाडी अडायची.

माझा संशय आधी अंड्यांवर होता. आता तो तिच्यावर आला. साडेदहाला डबे पोचले. सातला उकडलेला पाच किलो बटाटा घरच्या फ्रीजमध्ये तेवढ्या वेळात आतपर्यंत गार होत नाही. कोमट बटाटा झाकण लावून पाठवला, तर आजारपण तिच्याच माथी. म्हणजे रजिस्ट्रेशन जाणार.

सासू इंदूबाईंनी अंगणात चहा दिला. बोलायला लई मोकळ्या.

"सून सकाळी उठून ताजं करती साहेब. शिळं आमच्या घरात चालत न्हाई. पावन्याला शिळं वाढलं तर पाप लागतं."

त्या दिवशी सकाळी घरात काय शिजत होतं, मी सहज विचारलं. रेवतीच्या नणंदेकडची माणसं येणार होती म्हणे. सहापासून नऊपर्यंत एका शेगडीवर पुरण, दुसरीवर कटाची आमटी. शेगड्या घरात दोनच. मी चहा संपवला आणि वहीत लिहिलं, विसंगती.

फ्रीजमधल्या उरलेल्या बटाट्यांचं सॅम्पल घेतलं होतं, त्याच्या पावतीवर सही पाहिजे म्हणून रेवतीला जीपजवळ बोलावलं. तिथून सासूला ऐकू जात नव्हतं.

"सातला बटाटे कशावर उकडले? हातावर?"

तिचा चेहरा पडला. "आदल्या दिवशी संध्याकाळी उकडले, सर. शेतातल्या खोलीवरच्या गॅसवर. अंडी, फरसबी पण तिथंच. मग फ्रीजमध्ये. हे सॅलड तसंच करतात, ते मुरावंच लागतं. पण आईंना कळलं तर त्या माझं काम बंद करतील. त्यांच्या लेखी ते शिळंच."

एकदा खोटं बोललेल्याचं दुसऱ्यांदा लगेच खरं मानायचं नाही, ही माझी सवय. आत जाऊन फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवला. चार डिग्री. पाच ते साठ डिग्रीच्या मधल्या पट्ट्याला आम्ही डेंजर झोन म्हणतो. तिथं अन्न तासन्‌तास राहिलं की जंतू वाढतात. चार डिग्रीला रात्रभर ठेवलेला बटाटा धोक्याच्या बाहेर. म्हणजे हिचं खोटं हिलाच गुंतवत होतं, आणि खरं हिला सोडवत होतं. असली केस मी आधी बघितली नव्हती.

मग पतसंस्थेत गेलो. बारापैकी कोण आजारी, कोण बरं, याची यादी केली. वसुलीला जाणारे दोघं डबे आल्या आल्याच खाऊन निघाले होते. ते ठणठणीत. बाकीच्यांनी साडेतीनला खाल्लं, कारण पाहुणे उशिरा आले. त्यांतलेच पाच आजारी. मधले पाच तास डबे कुठं होते?

शिपाई अंबादासमामा अभिमानानं पुढं आले. "मी गच्चीवर ठेवले हुते, साहेब. डबे लई गार, वरून पानी गळत हुतं. असलं गार पोटात गेलं की घसा धरतो. म्हनलं जरा ऊन लागू दे, ऊब येईल."

मार्च महिना, राहुरीचं ऊन, आणि आत उकडलेली अंडी. मी कपाळाला हात लावला. मामांना रागवावं तरी कसं? त्यांनी काळजीच घेतली होती. गार जेवण म्हणजे दुखणं, हे इथं लहानपणापासून शिकवलेलं असतं. मलाही शिकवलंय.

रिपोर्ट लिहायच्या दिवशी रेवती ऑफिसात आली. "बटाटे सकाळी उकडले, असंच राहू द्या ना सर. प्रत घरी येणार आहे. घरच्या पत्त्यावर."

"सकाळी लिहिलं तर दोष तुमच्यावर येतो. आदला दिवस लिहिला तर तुम्ही सुटता. काय लिहू?"

तिनं टेबलावरचा पेन माझ्याकडे सरकवला. "खरं लिहा."

सॅम्पलचा निकालही तसाच आला. गच्चीवरच्या डब्यांत उरलेल्या सॅलडमध्ये जंतू, तिच्या फ्रीजमधल्या उरलेल्या बटाट्यात काही नाही. तिला फक्त सुधारणेची नोटीस निघाली. डब्यावर लेबल नव्हतं. 'गारच ठेवा, लगेच खा' एवढं चिकटवायचं. रजिस्ट्रेशन शाबूत. मामांना मी तोंडी समजावलं, ते अजून मला दुखावल्यासारखे बघतात.

प्रत द्यायला मी स्वतः गेलो. टाळता आलं असतं, पण टाळलं नाही. इंदूबाईंना वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, वाचा. मी वाचलं, आदल्या दिवशीच्या ओळीसकट. रेवती भिंतीला टेकून उभी.

इंदूबाईंनी शिळ्याचं नावसुद्धा काढलं नाही. सुनेकडे बघत म्हणाल्या, "चार महिने तू माझ्याशी खोटं बोललीस? सांगायला काय हुतं? मी काय वाघीन हाय का?"

कुणीच 'नाही' म्हणालं नाही. रेवती नाही, मी नाही.

त्या आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या आणि मग आत गेल्या. काम त्यांनी बंद केलं नाही. पण पुढचे पंधरा दिवस सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत, असं रेवतीनं मला फोनवर सांगितलं. रडत सांगितलं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. जबाब घ्यायचा असेल, तर घरातल्या मोठ्या माणसांना आधी अंगणात बसवतो. चहा मग.