गुऱ्हाळाच्या भट्टीचा पंखा

ते मशीन सुरू झालं, की अजून मी आहे तिथंच थबकते. हातातलं काम हातातच राहतं. लोकांना वाटतं बाई नाटकं करते. वाटू दे! त्या दिवशी त्या दाराबाहेर मी उभी होते, लोक नव्हते.

आम्ही राजुरीत मळ्यात राहतो. आमच्या मालकांनी सगळं आयुष्य गाड्या दुरुस्त करण्यात घालवलं आणि रिटायर झाल्यावर लाकडाचा नाद धरला. कांद्याच्या रिकाम्या चाळीला चारी बाजूंनी पत्रे ठोकले, आत करवतीचं टेबल मांडलं. पाट करतात, स्टुलं करतात, पाव्हण्यांना वाटत सुटतात. माणूस खूश होता, माझं काही म्हणणं नव्हतं. पण धूळ! वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ, दुधाच्या किटलीवर धूळ, पिठाच्या डब्यात धूळ. मग मला खोकला लागला, आणि पुढं चार पावलं चाललं तरी दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, एक तर घरातून धूळ जायला पाहिजे, नाहीतर तुम्ही तरी. हे ऐकून मालकांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धूळ ओढायचं मशीन करायला घेतलं.

मशीन म्हणजे काय, सगळी जोडाजोड. पाइपलाइनचे उरलेले पाइप करवतीच्या टेबलाखाली नेले. पंखा भुसा ओढणार, तो निळ्या ड्रममध्ये पडणार आणि वारा कापडाच्या पिशवीतून गाळून बाहेर जाणार. पिशवी मीच शिवली, माझ्या दोन जुन्या सुती साड्यांची. पंखा मात्र माझ्या भावाकडून आला. तो आंबेगाव तालुक्यात असतो. त्याच्या शेजारचं गुऱ्हाळ बंद पडलं होतं, त्या भट्टीचा पंखा होता तो. लोखंडी पात्यांचा, चांगला दणकट.

मी तेव्हाच म्हणाले, "अहो, जो पंखा जाळ फुलवायला केलाय, त्यो तुमी भुशाला लावताय?"

"वारा त्यो वारा," मालक म्हणाले. "त्याला काय कळतंय, फुकायचं का वढायचं?"

सगळं जोडून झालं. बटण दाबलं आणि पत्रे थडथडायला लागले. माझ्या साड्यांची पिशवी टम्म फुगली. मी तर दोन्ही कान झाकून अंगणात पळाले. पण खरं सांगते, आठ-पंधरा दिवसांत माझा खोकला उतरला. धूळ घराकडं जराही येऊ नये म्हणून मालक दाराला आतून कडी घालायचे, तोंडाला मास्क लावायचे आणि कानांवर आवाज बंद करणारे ते जाड हेडफोन चढवायचे.

आता भुशाचं सांगते. आमच्याकडं लाकडाचा भुसा कुणी टाकून देत नाही. कोंबड्यांच्या शेडवाले मागून नेतात, नाहीतर तो गोठ्यात गाईखाली पसरतात. जागा कोरडी राहते. आमचा गोठा चाळीला लागूनच. हिवाळा होता, गाय नुकतीच व्यालेली, वासरू थंडीनं कुडकुडायचं. म्हणून ड्रममधला भुसा मी रोज संध्याकाळी घमेल्यानं काढायचे आणि वासराखाली जाड थर करायचे.

त्या दिवशी मालक आणे गावाहून आणलेल्या जुन्या बैलगाडीचं लाकूड कापत होते. दुपारी पाइपात टण्णकन् आवाज झाला. त्यांनी मशीन थांबवलं, इकडंतिकडं पाहिलं. "खिळा गेला आसंल एखादा," म्हणाले, आणि चहाला आले. चहा होईतो मी ड्रममधून घमेलंभर भुसा काढला, वासराखाली पसरला. मालक परत आत गेले, कडी लावली, मशीन सुरू झालं.

मी भाकरीचं पीठ मळत होते. जळका वास आला. तव्यावर काही नव्हतं. तवा तर मी ठेवलाच नव्हता! चूल पाहिली, गॅस पाहिला, देवापुढचा दिवा पाहिला. वास काही जाईना. आणि एकदम मला दुपारचा तो टण्णकन् आवाज आठवला. खिळा पंख्याच्या लोखंडी पात्यावर आपटून ठिणगी उडाली असणार, आणि त्यातलाच भुसा मी वासराखाली पसरला होता.

गोठ्यात गेले तर वासराच्या पायाशी भुसा काळा पडलेला आणि त्यातून धूर निघत होता. जाळ नाही, नुसता धूर. ते काळं हळूहळू चहूबाजूंनी सरकत होतं. वरती माळ्यावर वाळका कडबा. गाय दावं तोडायला बघत होती. मी विळ्यानं वासराचं दावं कापलं, त्याला बाहेर ढकललं, पाण्याची बादली भुशावर ओतली. हुश्श केलं. आणि तेवढ्यात डोक्यात आलं, मी तर एकच घमेलं आणलंय. बाकीचा सगळा भुसा त्या ड्रममध्येच आहे, मालकांच्या मागं. आणि भट्टीचा पंखा त्याला वारा घालतोय.

दाराकडं पळाले. "अहो! अहो!" कडी आतून. पत्र्यावर मुठी आपटल्या, घमेलं आपटलं. त्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार? फटीतून धूर येत होता, प्लास्टिक जळल्याचा वास येत होता. मला रडू फुटलं. मग पळत ओट्यावर गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

मशीन थांबलं. ओट्यावरूनच पुन्हा "अहो! अहो!" अशी हाक मारली. म्हटलं, आता येतील बाहेर.

आले नाहीत.

माझा जीव गेला हो तेव्हा! मला वाटलं, धुरानं पडले. संपलं सगळं. आणि आत काय चाललं होतं? हा बाबा निवांत स्टुलावर बसला होता! आमच्याकडं लाइट जाणं ही काय बातमी आहे? लाइट गेली की माणूस आहे तिथं टेकतो आणि यायची वाट बघतो. मालकांनी तेच केलं. तोंडाला मास्क, वास नाही. बंद चाळीत अंधार, त्यात धूळ कुठली आणि धूर कुठला. हेडफोन तेवढे त्यांनी गळ्यात उतरवले होते. माझी "अहो" त्यांना ऐकू आली होती, असं मागून म्हणाले. "तू दिसभर आहो आहो करतीस. मला वाटलं, लाइट का गेली ते इचारतीय."

मी पुन्हा दाराशी आले, आणि माझ्या तोंडून त्यांचं नाव निघालं. नुसतं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. हाक म्हणून सगळ्या संसारात कधी मारलं नव्हतं. जीव खाऊन ओरडले, एकदा, दोनदा. शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली.

कडी वाजली. मालक दारात उभे. "काय झालं गं?" आणि मागं वळून बघतात तर ड्रमची एक बाजू मऊ होऊन आत बसलेली. शेजाऱ्यांनी ड्रम ओढून अंगणात काढला. झाकण उडवलं तसा जाळ माणसाच्या उंचीएवढा वर गेला. माझ्या साड्या त्यातच गेल्या.

आता नवा ड्रम पत्र्याचा आहे आणि चाळीच्या बाहेर उघड्यावर ठेवलाय. पाइपात खिळे धरायला लोहचुंबक बसवलंय. भुसा एक रात्र पाणी मारून खड्ड्यात ठेवतो, वाळला की मगच गाईखाली. दाराला कडी नाही, मीच उपटून टाकली.

मालक मला चिडवतात. "आहो म्हणालीस तवा बसूनच व्हतो. नाव ऐकलं आन् पाय आपोआप उठलं. पुन्हा एकदा म्हण की!"

"गप बसा," मी म्हणते. त्यांना वाटतं मी लाजते. लाजते कुठली! त्या एका हाकेनं ते उठून दारात आले. पुन्हा कधी मारायची वेळ आली, आणि ते उठले नाहीत, तर माझ्याकडं दुसरी हाक नाही.