माझ्यानंतर पुसलेली काच

मी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि सरांनी खिशातून रुमाल काढून काच पुसली.

माझ्या आधी अर्धी रांग बघून गेली होती. कोणाच्या नंतर रुमाल निघाला नाय. माझ्यानंतर निघाला. गोल गोल फिरवून, चांगली घासून पुसली. मग माझ्या मागच्या बाईंना बोलले, "या, आता बघा."

आता. हा एक शब्द अजून कानात हाय.

पेणवरून आम्ही रोह्याच्या पुढं एका सभासदाच्या शेतावर गेलो होतो. नुकतीच दिवेलागण झालेली. मला पहिल्यांदा शनीची कडी दिसली होती. एवढीशी, पण खरीखुरी. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. मी रांगेतून बाजूला झाली.

सर म्हणजे आमच्या आकाशदर्शन मंडळाचे प्रमुख. कॉलेजात शिकवायचे, आता निवृत्त. पेणला शाळेच्या एका वर्गात महिन्यातून एकदा आमची मीटिंग असते. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी दम भरलेला, "काचेला कापड लावायचं नाही. कधीच नाही. वर लेप असतो, चरे पडतात. धूळ दिसली तर रबरी फुग्याने हवा मारा." डोलवीच्या पोलाद कंपनीतल्या एका इंजिनिअरने शर्टाच्या टोकाने पुसली, तर त्याला सगळ्यांसमोर झापलेला.

आणि त्याच सरांनी रुमाल काढला. महागाची काच खराब झाली तरी चालंल, माझी पापणी लागलेली नको.

कारण मला ठाऊक होतं. जाताना गाडीत सरांच्या बायकोने, वहिनींनी, गोड आवाजात विचारलं, "तुमची वाडी कुठली?" गाव मी आधीच सांगितलं होतं. गावाने त्यांचं भागलं नाय. मी बोलली, "बौद्धवाडी." "अच्छा, अच्छा," करत त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाजूला सर ऐकत होते. लाडवाचा डबा सगळ्या गाडीत फिरला, माझ्या सीटपर्यंत काय आला नाय.

मी काय काम करते तेही त्यांना माहीत हाय. पेणला गणपतीच्या कारखान्यात मी डोळ्यांची आखणी करते. बुबुळ, पापणी, भुवई. आमच्या घरात गणपती बसत नाय, पण हात माझा चालतो. सरांच्या घरची मूर्ती आमच्याच कारखान्यातून जाते. तिचे डोळे मी आखलेत. त्या डोळ्यांसमोर हे हात जोडतात, आरती करतात, काय हवं नको ते मागतात. माझ्या हातचे डोळे देवाला चालतात. माझा डोळा यांच्या काचेला चालत नाय. शिकून सवरून हीच अक्कल आली म्हणायची.

घरी आईला सांगितलं. ती बोलली, "सोड गो. आकाश काय त्यांच्या बापाचं हाय? आपल्या अंगणातून बघ."

आईचं चुकलं नाय. तिने आयुष्यभर असंच निभावलं. पण आमच्या अंगणातून कंपनीचा लाल उजेड दिसतो. शनीची कडी दिसत नाय.

पुढच्या मीटिंगला मी गेली नाय. त्याच्या पुढच्याही नाय. एक दिवस आखणी करताना हात हलला, मूर्ती तिरळी झाली. मालक बोलला, "काय गो, लक्ष कुठं हाय?" तेव्हा माझं डोकं फिरलं. नीचपणा त्यांनी केला आणि तोंड लपवून बसलीय मी. हौस माझी, मन माझं, आणि सोडायचं पण मीच?

परत त्याच शेतावर कार्यक्रम ठेवला तेव्हा गेली. रांगेत उभी राहिली. शनी बघितला, पोटभर बघितला. मग बाजूला झाली नाय.

"सर, रुमाल काढा. पुसा काच."

सर हसले. "अहो, तेव्हा डोळ्यांची साथ होती."

"मग माझ्या आधीच्यांना साथ नव्हती?"

वहिनी पुढं आल्या. "विज्ञानाच्या ठिकाणी जात कशाला आणता तुम्ही?"

"मी नाय आणली. तुम्ही वाडी विचारलीत, तेव्हाच ती गाडीत बसली."

सरांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. रांगेतला एकजण "मला फोन करायचाय" बोलून सटकला. बाकीचे खाली बघत राहिले. आकाश बघायला आलेली माणसं, पण एकाची मान वर झाली नाय. माफी कोणी मागितली नाय. मला ती नकोच होती. रुमाल खिशातच राहिला आणि माझ्या मागच्या बाईंनी तिथंच डोळा लावला.

मंडळ मी सोडलं नाय. सोडणारही नाय. आता दर वेळी मी रांगेत पहिली उभी राहाते. त्या काचेला सगळ्यांच्या आधी माझा डोळा लागतो. ज्याला शनी बघायचाय त्याने माझ्यानंतर, तिथंच डोळा लावायचा. नसंल जमत त्याने घरी जायचं. मी जाणार नाय.