हिरोईनकाकू

हिरोईनकाकूंना सिनेमातल्या हिरोईनशी काही देणंघेणं नव्हतं. ती रडो, नाचो, नदीत उडी मारो, काकूंची नजर पडद्याच्या कडेला. आम्ही सगळ्या पदराने डोळे पुसत असायचो आणि काकू मध्येच म्हणायच्या, “ती मागची बाई बघ, तिसऱ्यांदा तोच घडा भरते आहे.” झालं! रडणं राहायचं बाजूला आणि आम्ही त्या घडेवालीला शोधायला लागायचो. लग्नाच्या देखाव्यात एकच म्हातारा दोन्हीकडच्या वऱ्हाडात बसलाय, हेही काकूंनीच दाखवावं. त्यांच्यासोबत सिनेमा बघणं म्हणजे आपण जेवत असताना कुणीतरी शेजारी बसून भातातले खडे मोजावेत तसं होतं.

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात आमची आणि त्यांची भिंत एकच. काकांचे चार पॉवरलूम होते, आणि दिवसभर ती खडखड भिंतीतून आमच्या घरात यायची. ती थांबली की आम्हाला कळायचं, लाइट गेली. तयार कापडाच्या घड्या काकू घालायच्या. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्या पन्ह्यावरून, म्हणजे कापडाच्या रुंदीवरून, जोखायच्या. नवी सून आली तर “पोरगी चांगली आहे, पण मनाचा पन्हा कमी आहे.” माझ्या नवऱ्याबद्दलही त्यांनी पहिल्याच महिन्यात असं काहीतरी म्हटलं होतं. ते मी अजून ह्यांना सांगितलेलं नाही.

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हिरोईनकाकू हे नाव गल्लीने पाडलं होतं, आणि ते काही कौतुकाने पाडलं नव्हतं. काकू सतरा वर्षांच्या असताना तापीच्या घाटावर एका सिनेमाचं शूटिंग झालं. गावातल्या बायापोरींना गर्दी म्हणून उभं केलं, त्यात काकू होत्या आणि त्यांची मोठी बहीण होती, आक्का. सिनेमा गावात लागला तोवर काकूंचं लग्न होऊन त्या इच्छापूरला सासरी गेल्या होत्या, आणि त्या घरात सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. पुढे काकांनी बुऱ्हाणपुरात बिऱ्हाड केलं. काकू सगळ्यांना सांगायच्या, आम्ही सिनेमात आहोत, घाटाच्या डाव्या टोकाला, पायऱ्यांपाशी.

एकदा तो सिनेमा टीव्हीवर आला. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. अर्धी गल्ली आमच्या घरात. हिरोईन घाटावर आली, मागे बायका उभ्या, आणि त्यांत ना काकू, ना आक्का, ना पायऱ्या. गाणं संपलं, हिरोईन निघून गेली. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. “होतो गं आम्ही,” काकू म्हणत राहिल्या. “शिट्टीवाल्याने दोनदा सरकवलं आम्हाला, और थोडा बाजू में, और थोडा.” त्या दिवसापासून त्या हिरोईनकाकू झाल्या.

गल्लीला वाटायचं बाई मिरवते. खरं काय ते मला ठाऊक होतं. एका दुपारी घड्या घालताना त्यांनीच मला सांगितलं होतं. शूटिंगनंतर वर्षाच्या आत आक्का पहिल्या बाळंतपणात गेली. माहेरी तिचा एक फोटो नव्हता. सासरी लग्नातला एक होता, तो मागितला तर सापडत नाही म्हणाले. “मला माझं थोबाड नाही बघायचं गं, वैजू,” काकू म्हणाल्या. “आक्काचा चेहरा जायला लागलाय माझ्या डोक्यातून. नाक आठवतं, डोळे आठवतात, पण सगळं मिळून आक्का होत नाही.” मग त्यांनी कापडाचं एक थान माझ्याकडे सरकवलं आणि धर म्हणाल्या. मी धरलं.

पुढे माझी मुलगी कॉलेजात जायला लागली त्या वर्षी आम्ही रुंद टीव्ही घेतला. भिंतीला टांगायचा, सपाट. सोबत डीव्हीडी प्लेअर. पहिल्या संध्याकाळी सिनेमा लावला तर वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी, आणि मध्ये चित्र. माझ्या नवऱ्याचा पारा चढला. टीव्ही पूर्ण आणि चित्र अर्धं, हा कुठला न्याय? दुकानातून माणूस बोलावला. त्याने रिमोटवरचं एक बटण दाबलं, पट्ट्या गेल्या, चित्र काठोकाठ भरलं. “देखो, फुल झाला ना साहेब,” असं म्हणून, चहा पिऊन तो गेला. आम्हीही खूश. शेजारच्या दोन घरांतल्या पट्ट्या तर आमच्या ह्यांनीच जाऊन घालवून दिल्या. शनवाऱ्यात त्या दिवसांत काळ्या पट्ट्या म्हणजे बिघाड, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

काकू दर रविवारी यायच्या. एका रविवारी माझ्या भाच्याने इंदूरहून आणलेली डिस्क लावली. तोच सिनेमा. मी काकूंना मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं. पण नावं यायला लागली तेव्हाच काकू पुढे झुकल्या. सिनेमाच्या नावाचं पहिलं अक्षर अर्धंच होतं आणि शेवटचं तर दिसतच नव्हतं. मग घाट आला. हिरोईन आली, बायका आल्या. डावीकडे पायऱ्या नाहीत, आक्का नाही.

“कापलंय,” काकू म्हणाल्या. “थानाला किनार दिसली नाही तर समजायचं, कुणीतरी कापून घेतलंय. वैजू, त्या काळ्या पट्ट्या परत लाव बरं.”

नवरा म्हणाला, काकू, तो बिघाड होता, मुश्किलीने गेलाय. काकू ऐकेनात. पुन्हा मागे घे, पुन्हा लाव, पट्ट्या लाव. स्वयंपाक व्हायचा होता, घरात पाहुणे होते, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “काकू, पुरे आता. नव्हताच तुम्ही तिथे.”

सगळं ठाऊक असून मी हे बोलले. गल्ली हसली होती ती न कळून. मला तर कळत होतं. काकू उठल्या, चप्पल घातली आणि गेल्या. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. भिंतीपलीकडून मागांची खडखड यायची, पण काकू यायच्या नाहीत. मी कढी पाठवली, भांडं घासून परत आलं. एरवी त्या भांडं कधी रिकामं पाठवत नसत.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी घरात कुणी नसताना, मी ती डिस्क लावली. घाटाशी आणून थांबवली आणि रिमोट घेऊन बसले. दुकानवाल्याने दाबलेलं बटण शोधून एकदा दाबलं, दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा वरखाली काळ्या पट्ट्या आल्या, आणि चित्र लहान होऊन त्याच्या दोन्ही कडा आत आल्या. एवढे महिने आम्ही चित्र मोठं करून करून त्याच्या दोन्ही कडा टीव्हीच्या बाहेर ढकलत होतो, आणि फुल झालं म्हणत होतो. पूर्वी टीव्हीवर लागला तेव्हाही असंच कापलं गेलं असणार. डावीकडे पायऱ्या होत्या. पायऱ्यांवर दोन पोरी उभ्या होत्या. त्यातल्या धाकटीचं नाक काकूंचंच होतं.

मी तशीच अनवाणी पळाले. काकू घड्या घालत होत्या. मी म्हणाले, “काकू, चुकलं माझं. चला.” त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं थान तिथेच टाकलं. त्यांनी कापड जमिनीवर टाकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

खुर्चीवर त्या बसल्याच नाहीत. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी हिरोईनच्या मागे, डावीकडे बोटाने दाखवायला गेले, पण त्यांना दाखवायची गरज नव्हती. चित्र थांबलेलं होतं. आक्काने उन्हासाठी एक हात कपाळावर आडवा धरला होता, दुसरा हात धाकटीच्या खांद्यावर होता, आणि ती हसत होती. काकूंनी डोळे पुसले, चष्मा पुसला, परत बघितलं. मला वाटलं आता या हंबरडा फोडतील. पण त्या नुसत्या बघत राहिल्या.

“अगं, किती लहान आहे ही,” त्या म्हणाल्या. “आपल्या प्रज्ञाएवढी. मी जन्मभर हिला मोठी समजत आले.”

प्रज्ञा म्हणजे माझी मुलगी. लागेल तितका वेळ बघा, काकू, मी म्हणाले. हे चित्र असंच थांबवून ठेवता येतं, संध्याकाळपर्यंत ठेवते.

काकूंनी मान हलवली. पदराचं टोक घेऊन त्यांनी काचेवरची धूळ पुसली, डाव्या कोपऱ्यातली तेवढीच, आणि एक पाऊल मागे आल्या.

“नको. चालू कर गं,” त्या म्हणाल्या. “केव्हाची उन्हात उभी आहे ती.”