दोन एक्के आणि एक घागर

दोस्तांनो, आज पोकरमध्ये लई वाईट हरलो. ऑनलाइन टुर्नामेंट होती, शेवटचे नऊ जण उरलेले. माझ्या हातात दोन एक्के. सगळ्या चिप्स लावल्या. समोरच्याकडं दोन बादशहा. अगदी शेवटच्या पत्त्याला तिसरा बादशहा निघाला आणि मी बाहेर.

असं झालं की मी स्वतःला एकच सांगतो. डाव बरोबर खेळलास ना? मग पत्त्यावर रडायचं नाय. उठायचं, तोंड धुवायचं, पुढची टुर्नामेंट बघायची.

हेडफोन काढून तोंड धुवायला उठलो, तर नळाखालची फरशी ओली.

या दुष्काळात आमच्या मुकुंदवाडीत आठव्या दिवशी पाणी येतं. घरामागं नवे टॉवर झाल्यापासून तर जेमतेम अर्धा तास. आई करमाडला मावशीकडं गेली होती. जाताना सगळी भांडी घासून, ओळीनं मांडून, "ध्यान ठेव रं" म्हणून गेली होती. मी हेडफोन लावून खेळत होतो, तेवढ्यात पाणी येऊन गेलं होतं. नळाखालची घागर भरून वाहिली होती. बाकी सगळी भांडी कोरडी.

आई आली तोवर फरशी वाळली होती. "एवढंच आलं व्हय?" म्हणाली.

"जाऊ दे, नशिबाचा खेळ हाय. तू तरी काय करणार?" असं म्हणत तिनं कोरडी भांडी एकेक करून उपडी घातली. पाण्याच्या पुढच्या पाळीपर्यंत धूळ बसू नये म्हणून.

बादशहा निघाला ते नशीबच होतं. पण हे नव्हतं.

आत्ता त्या एका घागरीतनं ती माझ्यासाठी चहा ठेवतीय. कसं सांगू तिला?