वाढत्या अंगाचा कोट

माझे वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला होते. जन्मभर कापड विणलं, पण आमच्या घरात नवं कापड वर्षातून एकदाच यायचं, दिवाळीला. तेही आमच्या मापाचं कधी नसायचं. दुकानात आई काउंटरला टेकून एकच वाक्य म्हणायची, "वाढत्या अंगाचं द्या." दुकानदार माझ्याकडे न बघताच दोन वर्षं पुढचा फ्रॉक काढायचा. पहिल्या वर्षी तो खांद्यावरून घसरायचा, खाली पोटऱ्यांपर्यंत लोंबायचा. मग आई त्याला आतून दुमड घालायची. पुढच्या वर्षी ती दुमड उसवली की खाली न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा दिसायचा. म्हणजे फ्रॉक माझ्या मापाचा व्हायचा तेव्हा तो जुना झालेला असायचा. वर्गातल्या मुली विचारायच्या, "बहिणीचा घातलायस काय गं?" मला मोठी बहीण नव्हती. मी म्हणायचे, "हो."

जत्रेत खेळण्यांच्या दुकानासमोर वडील थांबायचे आणि विचारायचे, "काय पाहिजे?" मागांच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते सगळं ओरडूनच बोलत. अर्धी जत्रा वळून बघायची. मी म्हणायचे, "मला नको काही." असं म्हणायला मला कुणी शिकवलं नव्हतं. घरात मोठी माणसं कशी गप्प बसतात ते बघून मुलांना कळतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणार. इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी केली आणि कंपनीनं अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी पाठवलं. गाडीच्या आत जे वायरींचं जाळं असतं, त्याचं डिझाइन हे माझं काम. नवरा नागपूरचा. तो माझ्या व्हिसावर आलेला, त्यामुळे त्याला इथं नोकरी करायची परवानगी नाही. घर आणि मुलगी तो बघायचा.

आणि इतकं सगळं झाल्यावरही मी मुलीला कपडे वाढत्या अंगाचेच घेत होते. पगार चांगला होता, गरज नव्हती, पण हात आपोआप मोठ्या मापाकडे जायचा. तिचा प्रत्येक कोट दोन हिवाळे चालायचा. पहिल्या हिवाळ्यात तिची बोटं बाहीच्या आत गडप झालेली असायची. कोट असाच असतो, अशी तिची समजूत होती.

ती सात वर्षांची असताना, नोव्हेंबरात, माझी नोकरी गेली. मॅनेजरनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, प्रोजेक्ट कॅन्सल झालंय, तुझ्या कामाबद्दल काही तक्रार नाही. आमच्या व्हिसाचा नियम सगळ्यांना पाठ असतो: साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीनं घेतलं नाही तर देश सोडायचा. त्यातला डिसेंबर असून नसल्यासारखा. ज्याला म्हणून ईमेल करावी त्याचं यंत्रातून उत्तर यायचं, सुट्टीवर आहे, जानेवारीत बोलू. जानेवारीत आमचे दिवस संपत होते.

"होईल यार, टेन्शन नको घेऊ," नवरा म्हणायचा. आणि त्याच आठवड्यात त्यानं सोफ्याचा फोटो काढून विकायला टाकला.

इचलकरंजीला मी कळवलं नाही. वडिलांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, माझी पोरगी अमेरिकेत गाड्या बनवते. त्यांचा आवाज असा, की न सांगता राहिलेलं घर एकही नसणार. आता त्या गल्लीत बॅगा घेऊन उतरायचं होतं. आणि परत जायचं तरी कशावर? एकाच पगारात घर चाललेलं, त्यामुळे बचत म्हणावी अशी नव्हती, वय चाळिशीकडे झुकलेलं आणि नवऱ्याला नोकरी सोडून बरीच वर्षं झालेली. सकाळी लॅपटॉप उघडायचा, नकार वाचायचे, बंद करायचा. जेवण समोर आलं की भूक नाही असं वाटायचं, आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून जेवायचं.

अशात बर्फ पडायला लागला आणि मुलीचा कोट काखेत तटतटायला लागला. त्याचे दोन हिवाळे झाले होते.

मागच्या रस्त्यावर एक काकू राहायच्या. डॉक्टरांच्या पत्नी. तरुणपणी इथं आल्या, दोन मुलं वाढवली, काका गेले, मुलं दुसऱ्या राज्यांत. त्यांचा फोन आला. "अगं, माझं दुकान बंद होतंय. चल, शेवटचं बघून येऊ. पोरीचा कोट पण तिथंच घे."

काकूंचं 'माझं दुकान' म्हणजे त्या वर्षानुवर्षं जायच्या ते जुनं, तीन मजली डिपार्टमेंट स्टोअर. काकूंच्या घरी गौरी-गणपतीचे दागिने ज्या लाल पुठ्ठ्याच्या खोक्यात असत, ते खोकं तिथलंच. दारावर मोठ्या पिवळ्या पाट्या लावल्या होत्या, सगळं विकायचंय म्हणून. आत ख्रिसमसची गाणी चालू होती आणि अर्धी कपाटं रिकामी.

मुलांचा मजला तिसरा. सरकता जिना बंद पडलेला, काकू तो साध्या जिन्यासारखा गुडघ्यावर हात ठेवत चढल्या.

"पूर्वी इथं आलं की आधी आगगाडीचा आवाज यायचा," त्या म्हणाल्या. "छताखालून अख्ख्या मजल्यावर फिरायची. माझे दोघे माना वर करून उभे राहायचे, तेवढ्यात मी त्यांचे कपडे बघून घ्यायचे. दुकानातल्या बाया हातमोजे घालून मापं घ्यायच्या, सांगते काय!"

छताखाली रूळ अजून होते. आगगाडी काढून नेली होती. भिंतीशी लहान मुलांचे पुतळे उघडे करून ओळीनं उभे केले होते, डोकी नसलेले, प्रत्येकाच्या गळ्यात किंमत. सँटाच्या खुर्चीलाही किंमत लावलेली.

"हू विल बाय देम?" मुलीनं पुतळ्यांकडे बघून विचारलं.

"शिंपी," काकू म्हणाल्या.

"व्हॉट इज शिंपी?"

"घ्या! आता हे पण आईनंच सांगायचं."

उरलीसुरली ख्रिसमसची खेळणी एका लांब टेबलावर ढकललेली होती. चिकटपट्टी मारलेली कोड्यांची खोकी, टोपी हरवलेलं अस्वल, ढोल वाजवणारा शिपाई. मुलीनं त्यातून एक चपटं खोकं उचललं. आत चारी बाजूंनी दात असलेली प्लास्टिकची चौकट आणि रंगीबेरंगी कापडी कड्या. कड्या उभ्या अडकवायच्या, आडव्या ओवायच्या, गरम भांडं धरायचा चौकोन तयार होतो. वर लिहिलं होतं, लूम, म्हणजे माग. सहा वर्षांपुढील मुलांसाठी. माझ्या वडिलांनी ज्यापायी कान घालवले, ते इथं ख्रिसमसचं खेळणं होतं.

"इचलकरंजीचे आबा यावरच काम करायचे," मी तिला सांगितलं. "मोठ्या, लोखंडी."

"एव्हरी डे?"

"रोज."

"लकी," ती म्हणाली.

काकू एवढ्या हसल्या की त्यांनी टेबलाचा आधार घेतला. मलाही हसू आलं. त्या महिन्यातलं बहुधा तेवढंच.

"घेऊ या?" मी विचारलं.

तिनं खोकं होतं तिथं ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, चित्राची बाजू वर करून, नीट सरळ. "इट्स ओके, आई. आय डोन्ट नीड एनीथिंग."

तो स्वर मी ओळखला. भाषा तेवढी वेगळी. हे वाक्य माझ्या पोरीच्या तोंडून ऐकायला लागू नये म्हणून तर मी शिकले होते, समुद्र ओलांडून आले होते. इतक्या लांब येऊन मी जत्रेतल्या त्याच दुकानासमोर उभी होते. आग्रहसुद्धा करवला नाही मला. आग्रह केला असता तर तिनं माझ्याकडे बघितलं असतं, आणि ते मला नको होतं.

कोटांची दांडी पलीकडे होती. जांभळे दोनच उरले होते, एक आठ नंबरचा, एक दहाचा. आठ म्हणजे तिच्या आत्ताच्या मापाचा. हात सवयीनं दहावर गेला. मग मनात आलं, पुढच्या हिवाळ्यात ही कुठं असणार? इचलकरंजीत कोट कशाला लागतोय? बॅगेत जागा मात्र अडवेल. मी दहाचा परत अडकवला आणि आठचा काढला.

तिनं घातला, चेन ओढली, आरशात बघितलं. मग आरसा सोडून आपल्या हातांकडेच बघत राहिली.

"आई, माझी बोटं दिसतायत."

"मग? बरोबर मापाचा आहे."

"यू नेव्हर बाय द राइट साइझ." तिनं चेन खाली ओढली. "सो वी आर गोइंग?"

आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. जे बोलायचं ते स्वयंपाकघरात मराठीतून बोलायचो. ती उत्तरं इंग्रजीत देते म्हणून आम्ही धरून चाललो होतो की तिचं लक्ष नसतं.

"अजून काही ठरलेलं नाही," मी म्हणाले.

"ओके," ती म्हणाली. "मग लायब्ररीची पुस्तकं आधी द्यायला लागतील."

काकू पाठ फिरवून रिकाम्या दांडीवर काहीतरी शोधत असल्यासारखं करत होत्या. मग म्हणाल्या, "दहाचा घे गं."

"नको, काकू."

"मी घेते. नातीला घेतला म्हणेन."

"नको म्हटलं ना."

"हा तुझा ताठा विमानात वजनात धरत नाहीत, नशीब समज," त्या म्हणाल्या आणि खेळण्यांच्या टेबलाकडे निघून गेल्या.

पैसे घेणाऱ्या बाईच्या डोक्यावर सँटाची टोपी होती. "ऑल सेल्स फायनल, हनी," तिनं बजावलं. एकदा घेतलेलं परत घेणार नाही.

"परत आणायला आम्ही नसूच," मी मराठीत पुटपुटले.

गाडीत बसल्यावर काकूंनी पर्समधून ते चपटं खोकं काढलं आणि मागच्या सीटवर मुलीच्या मांडीवर ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला दिलेलं नाही. तू बोलायचं काम नाही."

मी पट्टा लावला. त्या गाडी फार हळू चालवतात. बऱ्याच वेळानं, रस्त्यावरची नजर न काढता त्यांनीच सुरुवात केली. "आम्ही दर वर्षी ठरवायचो, पुढच्या वर्षी परत. म्हणून मी पोरांना कायम अंगाबरोबरचंच घेतलं. दर थंडीला नवा कोट. सगळे बेसमेंटमध्ये पडलेत अजून."

"मग?"

"मग काय? पोरं मोठी झाली. हे गेले, इथंच. आता दुकान पण गेलं."

त्यांनी गाडी आमच्या दाराशी उभी केली.

ख्रिसमसला घरात सोफा नव्हता. त्याच्या जागी गालिच्यावर चार खळगे उरले होते. त्यांच्या मधोमध मुलगी फतकल मारून बसायची आणि कड्या ओवायची. लाल, पिवळा, लाल, पिवळा. बाहेर सगळ्यांच्या घरांवर दिवे. आम्ही सूटकेस उघड्या टाकून ठेवल्या होत्या, म्हणजे त्यात रोज थोडंथोडं टाकता येईल. मी टाकायचे, नवरा गुपचूप काढून ठेवायचा. त्यावरून आमचं भांडणही झालं नाही. तेवढं त्राण कुणात नव्हतं.

इचलकरंजीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन असा धरला की सोफ्याची जागा दिसू नये.

"काय करतीया गं ती?" वडील ओरडले.

"माग चालवतीया, आबा."

त्यांनी फोन अगदी डोळ्यांजवळ नेला, चौकट बघितली आणि खोकला येईपर्यंत हसले. आईला हाका मारल्या, "अगं ये, बघ, नात माग चालवतीया अमेरिकेत!" मग श्वास जमवून विचारलं, "थंडी लई म्हणं तिकडं. कोट घेतलास न्हवं पोरीला?"

"घेतला."

"वाढत्या अंगाचा घेतलास न्हवं?"

दाराच्या खुंटीवर तो आठ नंबरचा कोट लटकत होता.

"हो," मी म्हणाले.

जानेवारी लागला. दोन मुलाखती झाल्या, दोन्हीकडून नकार. मी मुलीच्या शाळेच्या ऑफिसात जाऊन दाखला कसा काढायचा ते विचारून आले. नवऱ्यानं विमानांची भाडी बघायला घेतली. लायब्ररीची पुस्तकं मुलीनं स्वतःच दारापाशी आणून ठेवली होती, वर विणलेला एक चौकोन, लायब्ररीतल्या बाईंना द्यायला.

साठ दिवसांतला शेवटचा आठवडा चालू असताना पाऊण तासावरच्या एका लहान कंपनीतून फोन आला. ट्रॅक्टरच्या वायरिंगचं काम, पगार आधीपेक्षा बराच कमी. त्या माणसाचं बोलणं पुरतं व्हायच्या आत मी होकार दिला. मुदतीच्या आत व्हिसाचे कागद गेले. आनंद म्हणावा असा काही झाला नाही. तिघंही फार झोपलो, एवढं आठवतं. सोफा नव्हता तो नव्हताच, उन्हाळ्यापर्यंत जमिनीवर जेवलो.

पुढच्या नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या सकाळी मुलीनं जांभळा कोट चढवला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या.

"आई, इट्स टू स्मॉल," ती वैतागून म्हणाली.

मी तिचं उघडं मनगट हातात धरून बघितलं. मला नोकरी होती, आम्ही इथंच होतो, आणि मुलीला कोट लहान झाला होता.