पानं किती?

आमच्या खेळात प्रत्येकाला सरदार व्हायचं होतं. वहिनींनी मात्र सैन्यातला आचारी व्हायचं ठरवलं, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

खेळ तसा साधा. टेबलावर नकाशा, हातात वीस बाजूंचा फासा. मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन तिच्यात वागायचं. माझ्या गोष्टीत राक्षसांशी युद्ध चालू होतं आणि शेवटी काळकडा नावाचा किल्ला घ्यायचा होता. त्या लढाईची तयारी मी आठ महिने करत होतो. दिवसभर उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंगचे कागद आखायचे आणि उरलेल्या तुकड्यांवर तटबंदी काढायची. रविवारी दुपारी आम्ही बदलापूरला, हेंद्रेपाड्यात नीलेशच्या घरी जमायचो. वहिनी म्हणजे नीलेशची बायको. एक गडी कमी पडला म्हणून बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

वहिनी अंबरनाथच्या एका कारखान्यात कँटीन सांभाळायच्या. सकाळी दहाच्या आत जेवणाऱ्यांचा आकडा हातात हवा, ही त्यांची सवय. ती त्यांनी थेट माझ्या युद्धात आणली. पहिली लढाई आम्ही पुलावर जिंकली. पोरं एकमेकांना टाळ्या देत होती, "काय फोडलं यार!" चाललं होतं. वहिनींनी चष्मा वर सरकवला.

"भावोजी, रात्री पानं किती?"

"असतील शंभरेक."

"सकाळी एकशे चाळीस जण भाकरी खाऊन गेले होते."

टाळ्या थांबल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू!

पुढे प्रत्येक लढाईनंतर हेच. मी विजयाचं भाषण पाठ करून यायचो आणि ते घशातच राहायचं. कूच करायचं म्हटलं की यांचं, "पीठ मळलंय. ते संपल्याशिवाय कुणी हलायचं नाही." एकदा चिडून मी त्यांच्या आचाऱ्यावर बाण सोडला. त्यांनी फासा टाकला, नेमके वीस आले. "वाचले. कांदा चिरायला घेते," म्हणाल्या. नीलेश हसून लोळला. मी घरी पोचेपर्यंत धुमसत होतो.

एकदा बोलता बोलता मी म्हणून गेलो, की आपल्या नगारेवाल्याला दमा आहे. वहिनींनी ते धरून ठेवलं. दर मुक्कामाला त्याच्यासाठी गरम पाणी. खिंडीतल्या लढाईत मी त्याला मारला. कुणीतरी पडायला हवं होतं, हा हाताशी होता.

"नगारेवाला दिसला नाही जेवायला?"

"गेला तो."

"मग आधी सांगायचं ना. मी पान वाढून ठेवलं."

"वहिनी, खेळ आहे हा!" मी चक्क ओरडलो.

"खेळच आहे. म्हणून तर विचारता येतं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

किल्ला तोंडावर आला आणि नीलेशची नाशिकला बदली झाली. निरोप देताना मी चेहरा पाडला होता, पण खरं सांगतो, आतून सुटल्यासारखं वाटत होतं.

लढाई उल्हासनगरला माझ्या घरी झाली. दोन नवे गडी आले. मध्ये कुणी बोललं नाही. एका दुपारीत किल्ला पडला. पोरांनी नकाशाबरोबर फोटो काढले, "भाई, एक नंबर!" म्हणाली आणि पाचाच्या आत पसार झाली. आठ महिन्यांची माझी लढाई, पण किती जण परत आले, हे एकानेही विचारलं नाही. मला पोरांचा राग आला, आणि त्याहून जास्त वहिनींचा. माझा विजय त्यांनी कायमचा नासवून ठेवला होता. त्यांची आठवण येत होती, हे कबूल करावं लागण्याचा तर वेगळाच राग. शेवटी मीच फोन लावला.

"घेतला का किल्ला, भावोजी?"

"घेतला."

"छान झालं. पानं किती?"

नकाशा समोरच होता. चढताना दोनशे होते. उतरताना किती, ते मी ठरवलंच नव्हतं.

"मोजून सांगतो," मी म्हणालो.

"सावकाश मोजा. मी थांबते. कुकर लावायचाय अजून."